पिवळा दिवा आणि फुटका डबा

माझ्या मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी काळे, कडक प्लास्टिकचे डबे लावलेले होते, तेव्हा शिरूरमधला सगळ्यात लांब जाणारा माणूस मीच दिसायचो. पंपावर पेट्रोल भरताना हमखास कोणीतरी विचारायचं, "लडाख का?" मी म्हणायचो, "दौंड."

दौंड ही माझी सासुरवाडी. डबे घेतले तेव्हा घरी मी जाहीर केलं होतं की आता आपण हिमाचलला जायचं. बायको "बरं" म्हणाली आणि त्याच दिवशी तिनं आईला फोन लावला. "आई, ह्यांच्या गाडीला आता दोन पेट्या हायेत. काय द्यायचं ते देत जा." हिमाचल तिथंच संपलं.

सासूबाईंना द्यायची फार हौस. त्यांच्या माहेरच्या शेतातल्या भुईमुगाच्या शेंगा तर दर खेपेला ठरलेल्या. शिवाय कुरडया, सांडगे, लोणचं, जुना लोखंडी तवा, न वापरलेला पण "कामाला येईल" असा कंदील. एकदा त्यांनी डाव्या डब्यात दगडी खलबत्ता ठेवला. गाडी एका बाजूला कलायला लागली तेव्हा तो बाहेर काढायच्या ऐवजी त्यांनी उजव्या डब्यात भोपळा भरला. केडगाव, न्हावरा करत मी तो तोल सांभाळत शिरूरला आलो. सणसवाडीच्या कारखान्यात मी क्वालिटीला आहे. दिवसभर मायक्रॉनमध्ये मापं घेतो. पण खलबत्त्याला भोपळ्यानं बॅलन्स करायचं मला कुणी शिकवलं नव्हतं.

सासऱ्यांचं घर रेल्वे कॉलनीच्या मागच्या गल्लीत आहे. सासरे रेल्वेत पॉइंट्समन होते. म्हणजे सांधे बदलायचे, डबे जोडायचे, तोडायचे, आणि हात हलवून इंजिन पुढं-मागं घ्यायला लावायचं. निवृत्त झाल्यावर ते गल्लीच्या तोंडाशी बाकावर बसून असायचे. सोबत त्यांचे मित्र, निवृत्त गार्डसाहेब. हे मूळचे तिकडचे, उत्तरेतले. दौंडला बदलून आले आणि इथलेच झाले. दोघं सकाळी एकमेकांना जयभीम घालायचे, पेपर वाटून घ्यायचे आणि जंक्शनवरून कोणती गाडी किती उशिरा गेली हे नुसत्या आवाजावरून सांगायचे. पुष्कळदा ते चुकायचं. मग दोघं मिळून टाइमटेबलला नावं ठेवायचे.

त्या गल्लीतून वाळूचे टेम्पो घुसायला लागले म्हणून लोकांनी तोंडाशी सिमेंटचे दोन खांब उभे केले. मोटरसायकल आरामात जाईल एवढी जागा मध्ये ठेवली. मोटरसायकल म्हणजे साधी, डब्यांशिवायची. हे कोणी मला कळवलं नाही आणि मलाही खांब दिसल्यावर सुचलं नाही. बायको मागं बसलेली, बाकावरून सासरे हात वर करत उठलेले, आणि मी जावयाला शोभेल अशा वेगानं आत वळलो. धप्प असा आवाज आला आणि गाडी दोन खांबांच्या मध्ये बुचासारखी बसली. स्टँड लावायची गरज नव्हती. पाय सोडले तरी ती उभीच होती.

"जावईबापू, हलू नका!" सासरे पळत आले. इतक्या वेगानं चालताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "गार्डसाहेब, तुम्ही मागं जावा."

गार्डसाहेब वळसा घालून मागं गेले. आधी त्यांनी माझ्या बायकोला उतरवलं. डब्यामुळं तिला पाय काढता येत नव्हता, म्हणून तिनं त्यांच्या खांद्यावर हात टेकून उडी मारली. मग ते ओरडले, "पीछे क्लिअर है!"

सासऱ्यांनी माझ्यासमोर उभं राहून दोन्ही हात उचलले. चेहरा एकदम बदलला. घरात वरणाची वाटी पुढं करतानाही हळू बोलणारा तो माणूस खणखणीत आवाजात म्हणाला, "येऊ द्या! येऊ द्या! येऊ द्या!"

मी क्लच सोडला. गाडी पुढं सरकली आणि डाव्या डब्यातून कडाड् असा आवाज आला.

"मागं म्हणतोय मी!" सासरे म्हणाले.

"मामा, हात तर तुमच्याकडं येत होता."

"शंटिंगला तसाच हात असतो!"

"ये सिग्नल का फॉल्ट नहीं," मागून गार्डसाहेबांनी निकाल दिला, "ड्रायव्हर का फॉल्ट है."

तोवर निम्मी गल्ली जमली होती. कोणी म्हणालं खांब काढा, कोणी म्हणालं हवा सोडा. शेवटी बायकोनं पुढं होऊन डब्याच्या दोन कड्या फिरवल्या आणि उजवा डबा काढून हातात घेतला. गाडी मोकळी झाली. डबे काढता येतात हे कागदावर मीच तिला वाचून दाखवलं होतं, पण त्या क्षणी ते माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं. ती डबा घेऊन पुढं निघाली आणि म्हणाली, "चहा ठेवते. या सगळे."

डाव्या डब्याचा बाहेरचा कोपरा फुटला होता आणि आतल्या बाजूनं, जिथं तो गाडीच्या पाइपवर टेकतो तिथं, मोठी चीर गेली होती. मी त्याला चिकटपट्टी लावली. बाहेरून भरपूर लावली, कारण ते लोकांना दिसतं. आत थोडी.

त्यानंतरही दौंडच्या खेपा चालू राहिल्या आणि शेंगाही. सासूबाई त्या डाव्या डब्यात मोकळ्याच ओतायच्या. घरी आल्यावर पिशवीत भरल्या की ती थोडी हलकी वाटायची. बायको म्हणायची, "आईचा हात आखडला वाटतं." सासूबाईंवर असा संशय यायला वेळ लागतो आणि तो हळूहळू येतोय तर आपण कशाला अडवायचा, असं मला वाटायचं.

काही आठवड्यांनी गाडीचा पिवळा दिवा लागला. मीटरमध्ये इंजिनाचं चित्र असलेला तो दिवा. आधी नुसता लागला. मग गाडी आचके द्यायला लागली. न्हावऱ्याच्या अलीकडं एका रसवंतीसमोर तर ती बंदच पडली. आम्ही दोघं रस पीत बसलो. बायकोनं ग्लास ठेवला आणि गाडीकडं बघत विचारलं, "दिवा पिवळाच हाय ना?"

"हो."

"मग लाल झाल्यावर बघू की."

"तो लाल होत नसतो. पिवळाच असतो."

"मग काय कळायचं, कवा घाबरायचं ते?"

हा प्रश्न मला कारखान्यातल्या मीटिंगमध्ये विचारावासा वाटला होता, पण धीर झाला नव्हता.

शिरूरचा आमचा मेकॅनिक चांगला माणूस. गाडी उभी केली की लांबूनच म्हणतो, "सेन्सर हाय." स्कूटर, ट्रॅक्टर, एकदा तर सायकल बघूनही म्हणाला होता. त्यानं एक सेन्सर बदलला. दिवा गेला. बसस्टँडपर्यंत गेला, तिथं परत लागला. परत गेलो तर म्हणाला, "मंग दुसरा सेन्सर आसंल." किती असतात, असं विचारल्यावर त्यानं गाडीकडं आदरानं बघितलं. "लई आसत्यात."

तेव्हा मी ठरवलं की आपण स्कॅनर घ्यायचा. गाडीच्या सीटखाली एक सॉकेट असतं, त्यात ही हातात मावणारी डबी लावायची, मोबाइलवर ॲप उघडायचं, की गाडी स्वतःच सांगते कुठं दुखतंय. पण घरात त्याच वेळी दुसराही ठराव पुढं आला होता. बोनसमधून गाडीसाठी एकच काहीतरी घ्यायचं होतं आणि बायकोचं म्हणणं, डबा.

"माणूस आधी फाटकं शिवतंय, मग डॉक्टरकडं जातंय," ती म्हणाली.

"गाडी बंद पडली तर नवा डबा घेऊन रस्त्यात उभं राहायचं का?"

"निदान सामान तर आत राहील."

मी तिला कारखान्यातली पद्धत समजावली. कोणताही दोष आला की पाच वेळा 'का' विचारायचं, म्हणजे मूळ कारण सापडतं. भावना मध्ये आणायच्या नाहीत. ती म्हणाली बरं, आणि पोळी लाटता लाटता सुरू झाली.

"डबा का फुटला?"

"खांबाला लागला."

"का लागला?"

"गाडी रुंद होती."

"रुंद का?"

"डबे लावलेत म्हणून."

"डबे का लावले?"

"तुझ्या आईच्या..." इथं मी थांबलो. अजून एक 'का' शिल्लक होता आणि तो कुठं नेणार ते मला दिसलं. मी पोळी मागितली.

संध्याकाळी दौंडला फोन लागला. बायकोनं स्पीकर चालू केला. सासूबाई अर्थातच डब्याच्या बाजूनं. पण मागून सासऱ्यांचा आवाज आला, "ते मशीन काय काय दाखवतं?" लग्न झाल्यापासून माझं त्यांच्याशी फोनवर बोलणं म्हणजे 'पोचलात का' आणि 'पोचलो'. आता ते खोदून खोदून विचारायला लागले. टेम्परेचर दाखवतं का? व्होल्टेज? चालत्या गाडीत दाखवतं? मी सांगत गेलो. शेवटी ते म्हणाले, "मशीनच घ्या." मागून सासूबाई म्हणाल्या, "तुम्हाला काय करायचंय, तुमच्याकडं सायकल हाय." फोन बंद झाला. मतं दोनास दोन.

कारखान्यात माझ्या शेजारच्या मशिनवर बिहारचा एक सहकारी आहे. सणसवाडीत खोली घेऊन राहतो, गाडी माझ्याच मॉडेलची. त्याला मी हा तिढा सांगितला. तो म्हणाला, "भैया, स्कॅनर मेरे पास है. पहले लगाके देख लो, बाद में झगडा करना." शनिवारी त्यानं तो कापडात गुंडाळून आणून दिला.

रविवारी सकाळी अंगणात मी सीट काढायच्या आधीच शेजारी जमले, कारण बायकोनं सहज म्हणून एकीला सांगितलं होतं. समोरचे आप्पा खुर्ची घेऊनच आले. त्यांनी त्या डबीकडं बघितलं आणि उजव्या हाताचं बोट पुढं केलं.

"आधी माझं बघा."

"आप्पा, हे गाडीचं आहे."

"कोरोनात आसलंच लावलं हुतं मला. ब्याण्णव आलं हुतं."

"ते ऑक्सिजनचं. हे वेगळं."

"गाडीला ऑक्सिजन लागत न्हाई व्हय?"

गाडीला ऑक्सिजन लागतो, हे खरंच होतं. मी नुसतं त्यांच्या बोटाला डबी टेकवली आणि म्हणालो, "चांगलं आहे." आप्पा समाधानानं मागं टेकले. मग एकानं आपली जुनी स्कूटर ढकलत आणली. तिला कार्बोरेटर होता, सॉकेट नव्हतंच. "म्हंजी हिला कायच झालेलं न्हाई," असा अर्थ काढून तो खूश होऊन गेला.

सीट काढली. सॉकेट सापडलं. डबी लावली, मोबाइल जोडला, चावी फिरवली. ॲपवर एक चक्र फिरत राहिलं. सगळे निवडणुकीचा निकाल बघावा तसे माझ्या मोबाइलवर वाकले. मग इंग्रजीत एक कोड आला आणि खाली एक ओळ. बायकोनं मोठ्यानं वाचली. थ्रॉटल पोझिशन सेन्सर, सर्किट.

"सेन्सर!" मागून कोणीतरी ओरडलं. बघतो तर आमचा मेकॅनिक. भाजी घ्यायला निघालेला, गर्दी बघून थांबलेला. "म्हणलं हुतं का न्हाई मी?"

"तुम्ही सगळेच सेन्सर म्हणला होता."

"त्यात हा बी आला की." त्यानं भाजीची पिशवी आप्पांच्या मांडीवर दिली आणि स्वतः बाजूचं पॅनेल खोललं. आत हात घातला, थांबला, आणि मूठभर काहीतरी बाहेर काढलं. शेंगांची टरफलं. परत हात घातला. परत टरफलं. कापसाचे बोळे, गोधडीची एक चिंधी, सासूबाईंच्या लोणच्याच्या बरणीवर बांधलेली तीच हिरवी दोरी. आणि सगळ्यात शेवटी एक वायर, मधोमध कुरतडलेली, तांब्याचे दोनतीन केस तेवढे शिल्लक.

"उंदीर," मेकॅनिक म्हणाला. "राहतोय इथं. संसार हाय त्याचा."

बायकोनं खाली वाकून एक टरफल उचललं. मग ती फुटक्या डब्याकडं गेली, आतल्या चिरेतून बोट घातलं, ते सीटखाली जिथं निघालं ती जागा सगळ्यांना दाखवली. क्वालिटीत इतकी वर्षं काढली, पण इतकं स्वच्छ कारण मी कुठल्याच अहवालात बघितलेलं नाही. डबा फुटला म्हणून शेंगा सांडल्या, शेंगा सांडल्या म्हणून उंदीर आला, उंदीर आला म्हणून वायर गेली, वायर गेली म्हणून दिवा लागला.

"माझी आई कमी देत नव्हती," ती म्हणाली. एवढंच म्हणाली. लगेच तिनं दौंडला फोनही लावला, आणि इतक्या आठवड्यांत प्रथमच माय-लेकी मोकळ्या आवाजात बोलल्या. मी तोवर टरफलं झाडत होतो.

तरी मी म्हणून बघितलं. "पण स्कॅनर नसता तर हे कळलं असतं का?"

"डबा असता तर कळायची गरज पडली असती का?"

"माझं बोट पण बघितलं त्यांनी," आप्पा माझ्या बाजूनं म्हणाले. त्याचा उपयोग झाला नाही.

मेकॅनिकनं वायर जोडली, वर टेप गुंडाळली. दिवा गेला तो गेलाच. त्या उंदराचं काय झालं ते कळलं नाही. बायको म्हणते तो आप्पांच्या स्कूटरमध्ये गेला. आप्पांकडं स्कूटर नाही, पण ते नाकारतही नाहीत.

सोमवारी मी स्कॅनर परत केला. सहकाऱ्यानं विचारलं, "क्या निकला?" मी म्हणालो, "मूँगफली." तो बराच वेळ त्या शब्दाचा तांत्रिक अर्थ शोधत राहिला. त्याच आठवड्यात आम्ही डबा घेतला. दुकानदार एकटा डावा द्यायला तयार नव्हता. त्याच्याशी बायकोनंच बोलणी केली आणि तो तयार झाला. तिनं दुकानातच झाकण उघडून, आत वाकून, उजेडाकडं धरून चीर आहे का बघितलं. मला हे मान्य करावं लागतं की आमच्या डिपार्टमेंटला ती चालली असती.

मात्र मनातून मी थोडा खट्टू होतो. गाडीनं आपल्याला खरं सांगावं आणि ते आपल्या मोबाइलवर यावं, याची गोडी एका रविवारपुरती लागून सुटत नाही.

पुढच्या खेपेला दौंडला गेलो तेव्हा डबे आधीच काढून हातात घेऊन गल्लीत शिरलो. बाकावर सासरे नव्हते. गार्डसाहेबही नव्हते. थोडं पुढं, घरासमोर, दोन मोटरसायकली आणि एक स्कूटर रांगेत उभ्या होत्या आणि त्यांचे मालक पायरीवर बसले होते. मध्ये सासरे उकिडवे, चष्मा कपाळावर, हातात नवाकोरा स्कॅनर. गार्डसाहेब मोबाइल धरून इंग्रजी वाचून दाखवत होते.

"पेन्शनमधून मागवलं," सासूबाई दारातून म्हणाल्या. "सायकल हाय ह्यांच्याकडं. सायकल!" पण हे म्हणतानाच त्यांनी पायरीवरच्या लोकांना चहाचे कप दिले. दुपारी बायकोला त्यांनी आत हळूच सांगितलं की आता ते सकाळी उठून दाढी करतात, आणि गाड्या उशिरा धावल्या तरी चिडत नाहीत.

मला बघताच सासरे उठले. "जावईबापू, लावा तुमची इकडं." मागची दोन माणसं बाजूला सरकली. जावयाला रांग नव्हती. मी गाडी आणली, सीट काढून दिली. त्यांनी केबल लावली, चावी फिरवली, गार्डसाहेबांकडं बघितलं. चक्र फिरलं, थांबलं.

"नो फॉल्ट," गार्डसाहेब म्हणाले.

"परत बघा."

परत बघितलं. "नो फॉल्ट. सब क्लिअर."

"कायच न्हाई?" सासरे म्हणाले. पाहुणा चहा न घेताच उठला तर चेहरा होतो तसा त्यांचा झाला. त्यांनी केबल काढायला हात पुढं केला, पण काढली नाही. पायरीवरची माणसं बघत होती.

मी इकडंतिकडं बघितलं आणि म्हणालो, "मामा, हॉर्न जरा बारीक येतोय."

हॉर्नचं त्या मशिनला काही कळत नाही, हे त्यांना माहीत होतं, मलाही होतं आणि गार्डसाहेबांना तर नक्कीच होतं. पण सासऱ्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला, पुन्हा उकिडवे बसले, आणि म्हणाले, "वाजवा बघू."

मी वाजवला. त्यांनी डोळे मिटून ऐकला.

"अजून एकदा," ते म्हणाले.